आपटलेल्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप घरी कसे तपासावेत

सोलापुरात मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दणका बसायला फार मोठा अपघात लागत नाही. पट्टे न मारलेला गतिरोधक, पहिल्या पावसात पाण्याखाली दडलेला खड्डा, डांबराची कड सोडून काळ्या मातीत उतरलेले चाक किंवा ऊसतोडीच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली, यांपैकी कोणतेही एक कारण पुरते. माणूस उठतो, कपडे झटकतो, गाडी उभी करून स्टार्टर दाबतो आणि इंजिन सुरू झाले की ‘काही झालेले नाही’ असे स्वतःलाच सांगत घरी येतो. वास्तविक दणका इंजिनाने खाल्लेलाच नसतो. तो चाकाकडून एक्सलकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याकडे, एक्सलकडून दोन्ही शॉकअपांकडे आणि तेथून चेसिसच्या मानेकडे गेलेला असतो, आणि या वाटेवर काय घडले हे इंजिनाच्या आवाजावरून कळत नाही.

ज्याने आजवर पाना फारसा हातात धरलेला नाही, पण गाडी मिस्त्रीकडे नेण्याआधी तिचे नेमके काय झाले आहे हे ज्याला समजून घ्यायचे आहे, अशा वाचकासाठी पुढील तपासणी लिहिली आहे. तिला लागणारे सामान बहुतेक घरी मिळते: स्वच्छ सुती फडके, टॉर्च, खडू, मोजपट्टी, पाच-सहा मीटर सुती दोरी आणि जाड काचेचा एक सपाट तुकडा. टॉवेल आणि चादरींच्या गावात मजबूत सूत कोठे मिळेल, हे सांगण्याची गरज नाही. काच साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असावी. काचेच्या दुकानात कापताना उरलेला तुकडा मागितला आणि त्याच्या कडा घासून घेतल्या, तरी काम भागते.

सामानापेक्षा महत्त्वाचा आहे तो एक भेद, आणि तो कळला नाही तर पैसे हमखास वाया जातात. शॉकअपला पीळ बसणे निराळे आणि शॉकअपचा पाइप वाकणे निराळे. पीळ बसतो तेव्हा पाइप सरळच असतात, फक्त त्यांची पकड सरकल्यामुळे चाक आणि हँडल एकमेकांशी जुळत नाहीत. काही वर्षांपूर्वी विजापूर रस्त्यावर कुत्रे आडवे आल्यामुळे माझी गाडी आडवी झाली होती. चाक सरळ ठेवले की हँडल स्पष्टपणे डावीकडे झुकलेले दिसे. पहिल्या गॅरेजात गाडीकडे पाच मिनिटेही न पाहता ‘दोन्ही पाइप गेले’ असा निर्णय झाला. दुसऱ्या ठिकाणी एका वयस्क मिस्त्रींनी चार बोल्ट सैल केले, चाक गुडघ्यांत धरले, हँडलला एक झटका दिला आणि म्हणाले, ‘पाइप वाकलेला नाही, मालक, पीळ बसला होता.’ ती गाडी पुढे अनेक वर्षे त्याच पाइपांवर चालली. याच्या उलटही घडते. समोरून बसलेल्या ठोकरीत दोन्ही पाइप सारखेच मागे वाकले, तर हँडल सरळच राहते आणि मालक निर्धास्त होतो. पीळ पाना फिरवून निघतो, बाक निघत नाही. म्हणून दोहोंपैकी काय आहे, हे काहीही खोलण्याआधी ठरवावे लागते.

भागांची ओळख

मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडतील ती नावे अशी. गाडीच्या पुढे दोन शॉकअप असतात. प्रत्येकात वरून येणारा चकचकीत क्रोम पाइप असतो आणि तो खालच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात, म्हणजे बॉटममध्ये, वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल असते. स्प्रिंग दणका झेलते आणि तेल तिची उसळी आवरते. पाइप आणि बॉटम यांच्या सांध्यात ऑइल सील असते व त्यावर धूळ अडवणारे रबरी झाकण असते. दोन्ही पाइप वरच्या आणि खालच्या अशा दोन टींमध्ये, म्हणजे दोन्ही पाइप जोडून धरणाऱ्या आडव्या भागांमध्ये, आवळलेले असतात. खालच्या टीचा उभा दांडा चेसिसच्या मानेतून वर जातो आणि त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना गोळ्यांचे बेअरिंग असते, ज्याला गॅरेजात कोनसेट म्हणतात. बहुतेक प्रवासी गाड्यांत पाइपाची जाडी, म्हणजे बाहेरचा व्यास, ३० मिलिमीटरच्या आसपास असते, तर काही जड गाड्यांत ती ४१ मिलिमीटरपर्यंत जाते. एवढ्या दोन नळ्यांवर ब्रेक दाबताना गाडी आणि माणसे यांचा बराचसा भार येतो.

पाइप बहुतेक वेळा एका ठराविक जागीच वाकतो, ती म्हणजे खालच्या टीच्या लगेच खाली. भिंतीत पक्का बसवलेला गज टोकाला धरून ओढला तर तो भिंतीपाशीच वाकतो, तसेच हे आहे. चाक हे टोक, टी ही भिंत. नवख्याने टॉर्च घेऊन प्रथम पाहायची जागा हीच.

पडल्या जागी

गाडी रस्त्याच्या कडेला घेतल्यावर घरी चालवत न्यावी की टेम्पोत घालून न्यावी, एवढाच निर्णय तेथे घ्यायचा असतो. चाक उचलून हाताने फिरवावे. ते शॉकअपला, मडगार्डला किंवा ब्रेकच्या भागांना घासत असेल तर गाडी चालवू नये. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळते का, वळताना टाकीला किंवा ब्रेकच्या पाइपाला अडते का, हे पाहावे. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर घट्ट लागते याची खात्री करावी. शॉकअपमधून तेल वाहत असेल आणि त्याच बाजूला डिस्क असेल, तर घर कितीही जवळ असले तरी गाडी ढकलतच न्यावी. तेल लागलेल्या डिस्कवर ब्रेक धरत नाही.

विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान समाविष्ट असेल, तर काहीही सरळ करण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीला कळवावे. केवळ त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा असेल, तर शॉकअपचा खर्च आपल्याच खिशातून होतो.

डोळ्यांनी पाहणे

घरी आल्यावर गाडी सपाट फरशीवर मधल्या स्टँडला लावावी, इंजिन थंड होऊ द्यावे आणि पुढचा भाग धुऊन पुसून घ्यावा. चिखलाखाली तडा दिसत नाही. पाइपांवर रबरी घड्यांची टोपी असेल तर ती खाली सरकवावी.

मग चार-पाच पावले दूर जाऊन गाडीच्या बाजूला उकिडवे बसावे आणि एक डोळा मिटून शॉकअपची रेषा पाहावी. दोन टींच्या मधला पाइप, टीखालचा पाइप आणि बॉटम हे तिन्ही एकाच सरळ रेषेत असले पाहिजेत. टीखाली रेषा मोडून मागे वळलेली दिसली, तर पुढच्या बऱ्याच चाचण्यांची गरज उरत नाही. बारीक बाक मात्र असा दिसत नाही. त्यासाठी शेजाऱ्याची त्याच मॉडेलची गाडी शोधावी, जी आपल्याकडे दोन गल्ल्यांत हमखास सापडते. दोन्ही गाड्या मधल्या स्टँडला लावून, पुढच्या टायरच्या मागच्या कडेपासून इंजिनापर्यंतचे अंतर दोन्हींवर एकाच उंचीला मोजावे. आपल्या गाडीचे अंतर बोटभर कमी भरले, तर चाक मागे ढकलले गेलेले आहे. चाक मागे गेले की हँडल गरजेपेक्षा हलके होते आणि वेगात गाडी अस्थिर वाटू लागते. अशा वेळी ‘गाडी हातात राहत नाही’ असे चालवणारा सांगतो, पण कारण शोधताना टायरची हवा तपासून थांबतो.

आता जवळ जाऊन पाइपावरून टॉर्चचा उजेड तिरपा टाकावा. क्रोमवर आडव्या बारीक रेघा, सुरकुती किंवा निघालेला पापुद्रा दिसला, तर त्या ठिकाणी पोलाद ताणले गेले आहे असे समजावे. बॉटमची गोष्ट वेगळी आहे. तो ओतीव ॲल्युमिनियमचा असल्यामुळे सहसा वाकत नाही, तडकतो. आणि तडा जातो तो एक्सलच्या भोकाभोवती, मडगार्डच्या बोल्टांपाशी किंवा कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग, जेथे बसतो त्या कानांपाशी. शंका असल्यास जुन्या कारागिरांची युक्ती करावी: त्या जागी थोडे डिझेल लावून काही मिनिटांनी ते पूर्ण पुसावे, वर खडूची भुकटी चोळावी आणि थोडा वेळ थांबावे. तडा असेल तर त्यात मुरलेले डिझेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उमटते. हे करताना डिस्क आणि पॅड प्लास्टिकने झाकावेत. तडकलेला बॉटम वेल्डिंग करून वापरण्याचा विचार मनात आणू नये.

दाबून पाहणे

गाडी स्टँडवरून उतरवून शेजारी उभे राहावे, पुढचा ब्रेक घट्ट धरावा आणि हँडलवर दोन्ही हातांनी भार देऊन शॉकअप सात-आठ वेळा पूर्ण दाबावेत व सोडावेत. दाबताना आणि परत येताना हालचाल एकसारखी, न अडखळता व्हायला हवी. दाबल्यावर शॉकअप खालीच राहिले, मध्येच थांबून मग झटक्याने वर आले, किंवा एका ठराविक जागी कुरकुरले, तर पाइप वाकलेला आहे किंवा दोन्ही पाइप एकमेकांना समांतर नाहीत. या दोन्हींतला फरक एवढ्या चाचणीने कळत नाही, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. शेवटाला ‘टक्’ असा धातूचा आवाज येत असेल, तर तेल कमी झाले आहे किंवा आतला भाग तुटला आहे.

दाबण्याआधी पाइप कोरड्या फडक्याने लख्ख पुसलेला असावा. दाबून झाल्यावर पाइपावर तेलाचा अगदी पुसट थर दिसला तर तो दोष नव्हे, कारण सीलला ओलावा लागतोच. पण तेलाचे स्पष्ट कडे तयार झाले किंवा ओघळ बॉटमवर उतरला, तर सील गेले आहे. अशा वेळी नवे सील टाकून मोकळे होऊ नये. पाइपावर नख फिरवून एखादी खाच नखाला अडते का, हे पाहावे. ठोकरीत उडालेल्या दगडाने पडलेली खाच किंवा गंजाचा खड्डा सीलच्या वाटेत असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाडते; आणि वाकलेला पाइप तर सीलला एका बाजूने सतत दाबत राहतो. दोन महिन्यांत तिसरे सील बदलणाऱ्याने दोष सीलमध्ये नसून पाइपात आहे, हे ओळखावे.

चाक उचलून

यापुढील चाचण्यांसाठी पुढचे चाक जमिनीपासून सुटलेले हवे. मधल्या स्टँडवर असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर कोणाला तरी बसवले की पुढचे चाक उचलले जाते. इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यायचा झाल्यास तो सायलेन्सरच्या बेंड पाइपाला लागणार नाही, याची काळजी घ्यावी. गाडी धरायला दुसरा माणूस जवळ असल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

प्रथम हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. केबलींचा ताण सोडला तर हालचाल लोण्यासारखी व्हायला हवी. चाक सरळ असताना हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखे थांबत असेल, तर कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. ठोकर बहुधा चाक सरळ असतानाच बसते, म्हणून खाचही सरळ जागीच पडते. अशी गाडी कमी वेगात किंचित डावी-उजवी भरकटते, कारण हाताने सरळ ठेवू पाहिले तरी हँडल खाचेच्या कडेवर चढत-उतरत राहते. कोनसेटचा नट सैल करून ही खाच झाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. वरच्या आणि खालच्या वाट्या, कोन आणि गोळ्या असा सगळा संच एकाच वेळी बदलावा लागतो.

नंतर चाकासमोर बसून दोन्ही बॉटम खालच्या टोकाशी धरावेत आणि पुढे-मागे हलवावेत. मदतनिसाने त्या वेळी खालची टी आणि चेसिसची मान यांच्या फटीवर अंगठा ठेवावा. हालचाल त्याच्या अंगठ्याखाली जाणवली तर कोनसेट ढिला आहे. सीलपाशी दिसली तर पाइप आणि बॉटम यांच्यात झीज आहे. चाक वर-खाली धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर एक्सलपाशी खटखट झाली, तर चाकाची बेअरिंग संशयास्पद आहे. तिन्ही ठोके हातांना सारखेच वाटतात, म्हणून अंगठा कोठे ठेवला आहे याला महत्त्व आहे.

चाक तेथेच फिरवून पाहावे. बॉटमला खडूचा तुकडा रिमच्या कडेला जवळजवळ लागेल असा टेकवून धरला आणि चाक हळू फिरवले, की रिम कोठे जवळ येते आणि कोठे लांब जाते ते दिसते. हा फरक २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर रिमआउट आहे, म्हणजे रिम वाकडी झाली आहे, असे समजावे. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत हीच मर्यादा दिलेली असते. तारांच्या चाकात प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवावी. तुटलेली किंवा ढिली तार बद्द आवाज करते. मॅगव्हीलला तडा दिसला, तर चाक बदलणे एवढाच मार्ग उरतो.

दोरी आणि काच

आता पीळ की बाक याचा निकाल लावायचा आहे. मागचे चाक स्वतः सरळ आहे ना, हे चेनच्या दोन्ही ॲडजस्टरवरील खुणा सारख्या आहेत का ते पाहून आधी ठरवावे, नाहीतर मागची चूक पुढच्या माथी बसते. मग सुती दोरी मागच्या टायरच्या मागून फिरवून तिची दोन्ही टोके गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढे आणावीत. दोरी स्टँडला किंवा सायलेन्सरला न लागता जाईल अशा उंचीवर असावी, आणि मागच्या टायरच्या मागच्या व पुढच्या अशा दोन्ही कडांना नुसती टेकेल इतपत ताणावी. पुढचे टायर सहसा अरुंद असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना फट राहते. चाक सरळ धरून ही फट डावीकडे आणि उजवीकडे, टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला, अशी चार ठिकाणी मोजावी. चारही मापे जुळली तर चाक मागच्या चाकाच्या रेषेत आहे. पुढची-मागची मापे सारखी, पण डाव्या आणि उजव्या बाजूंत मोठा फरक, असे दिसले तर चाक समांतर असूनही एका अंगाला सरकले आहे, आणि ही शॉकअप किंवा चेसिस आडवे वाकल्याची खूण असू शकते.

चाक असे रेषेत धरलेले असतानाच वर पाहावे. येथे नवखा माणूस हँडलच्या मुठींकडे पाहतो आणि फसतो, कारण पडल्यावर हँडलबार स्वतःही वाकतो. मुठी सोडून वरच्या टीकडे पाहावे. टी चाकाशी काटकोनात असेल आणि फक्त मुठी वेड्यावाकड्या असतील, तर हँडलबार बदलला की काम झाले.

त्यानंतर काचेचा तुकडा खालच्या टीच्या लगेच खाली, दोन्ही पाइपांच्या पुढच्या बाजूला एकदम आडवा टेकवावा. पाइप समांतर असतील तर काच दोन्ही पाइपांवर वरपासून खालपर्यंत सपाट बसते. बोटाने एक कोपरा दाबल्यावर समोरचा तिरका कोपरा उचलला गेला आणि काच डुगडुगली, तर पाइप समांतर नाहीत. लंगडी चौरंगी फरशीवर डुगडुगते, तीच ही रीत. माझ्या मते गॅरेजातल्या अनेक महागड्या तर्कांपेक्षा ही फुकटातली काच अधिक खरे बोलते.

पीळ काढण्याची रीत

काच डुगडुगत असेल, तर पीळ काढून पुन्हा काच लावायची आहे. आधी वरच्या टीतून पाइप किती वर आला आहे, याची दोन्ही बाजूंना मार्करने खूण करावी. मग एक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट, वरच्या टीचे बोल्ट आणि त्या टीच्या मधोमध असलेला मोठा नट सैल करावा. खालच्या टीचे बोल्ट सर्वांत शेवटी आणि अगदी थोडेच सैल करावेत, कारण ते पूर्ण सुटले आणि गाडीचा भार पुढे असला, तर पाइप टीतून वर सरकतात. चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट पकडावे आणि हँडल ज्या बाजूला झुकले असेल त्याच्या उलट बाजूला नेटाने ढकलावे. टी आणि चाक काटकोनात आले की खालची टी, मधला नट, वरची टी या क्रमाने आवळावे. नंतर चाक जमिनीवर टेकवून शॉकअप पाच-सहा वेळा दाबावेत, म्हणजे बॉटम एक्सलवर आपापल्या नैसर्गिक जागी बसतात, आणि मगच एक्सल व मडगार्ड घट्ट करावे. मधला नट आवळल्यावर हँडल पुन्हा एकदा दोन बोटांनी वळवून पाहावे. तो जास्त आवळला गेला तर कोनसेट दाबला जातो. ज्याच्याकडे टॉर्क पाना (ठराविक जोर मोजून आवळणारा पाना) नाही आणि ज्याने हे काम कधी पाहिलेलेही नाही, त्याने एवढा भाग मिस्त्रीसमोर उभे राहून करवून घ्यावा.

आता काच पुन्हा लावावी. ती सपाट बसली, दोरीची मापे जुळली आणि शॉकअप न अडखळता दाबले गेले, तर तो पीळच होता. काच अजूनही डुगडुगत असेल, किंवा मध्ये उजेडाची फट दिसत असेल, तर पाइप किंवा टी वाकलेली आहे आणि आता पाइप बाहेर काढण्याशिवाय गत्यंतर नाही. काच सपाट बसूनही चाक इंजिनाच्या जवळ आलेले असेल, तर दोन्ही पाइप सारखेच वाकल्याची किंवा चेसिसची मान मागे गेल्याची शक्यता राहते, आणि तेव्हाही पाइप काढूनच पाहावे लागतात.

पाइप बाहेर काढल्यावर

हे काम गॅरेजात होईल, पण तपासणी आपल्या डोळ्यांदेखत व्हावी असा आग्रह धरावा. चांगल्या लेथच्या दुकानात पाइप दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेजखाली, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाखाली, फिरवतात. येथे एक बारकावा आहे: काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मा प्रत्यक्ष बाक असतो. बहुतेक कंपन्या ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक मान्य करत नाहीत. गेज नसेल तर पाइप मोठ्या सपाट काचेवर लोळवावा. पलीकडून उजेड ठेवला तर फट कोठे उघडते आणि मिटते ते दिसते. एक्सलही याच काचेवर लोळवून घ्यावा, कारण वाकलेला एक्सल घालून नवे पाइप बसवणारे लोक मी पाहिले आहेत. रिकाम्या टीत दोन्ही सरळ पाइप घालून वरून आणि बाजूने पाहिले, की टी वाकली आहे का हेही कळते.

यानंतर ‘प्रेसवर सरळ करून देतो, निम्म्याहून कमी पैशांत काम होईल’ असा प्रस्ताव हमखास येतो. सोलापूरच्या लेथ कारागिरांच्या हातांविषयी मला आदर आहे. मागांचे सुटे भाग घडवता घडवता तयार झालेले ते हात आहेत आणि पाइप डोळ्यांना सरळ दिसेल इतका ते नक्कीच सरळ करतील. अडचण हातात नाही, पोलादात आहे. एकदा वाकलेला पातळ पाइप उलट वाकवला की त्याच जागी धातू दुसऱ्यांदा ताणला जातो, वरचा कठीण क्रोम बारीक तडकतो, आणि ही जागा नेमकी टीखालची, म्हणजे सर्वांत जास्त भार येणारी असते. पुढच्या गतिरोधकावर किंवा जोरात ब्रेक लावताना तो कसा वागेल, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका वाकलेला पाइप सरळ करू नये असे सांगतात. वाकलेला पाइप बदलावा. दुसरा गेजवर सरळ ठरला तर तो ठेवायला हरकत नाही, पण सील आणि तेल मात्र दोन्ही बाजूंचे बदलावे. तेल कोणत्या जाडीचे आणि किती मिलिलिटर, हे गाडीच्या पुस्तिकेत असते. दोन्ही बाजूंना ते अगदी सारखे भरावे, अंदाजाने ओतू देऊ नये.

पाइप सुटलेले असतानाच चेसिसच्या मानेमागचा, टाकीखालचा भाग पाहून घ्यावा. तेथे रंगाला सुरकुती पडली असेल, वेल्डिंगजवळ रंग तडकून गंजाची रेघ दिसत असेल, किंवा हँडल अडवणारा छोटा स्टॉपर चेपला असेल, तर दणका चेसिसपर्यंत पोहोचला आहे. ते काम घरचे नाही आणि गल्लीतल्या गॅरेजाचेही नाही.

रस्त्यावरची परीक्षा

सर्व जोडून झाल्यावर गाडी लगेच तुळजापूरच्या महामार्गावर काढू नये. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळा, सरळ रस्ता मिळतो. तेथे हेल्मेट घालून आधी ताशी २० किलोमीटर वेगाने, मग ३० आणि ४० ने जावे. हँडलवर हात हलके ठेवून गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे, पण दोन्ही हात सोडण्याचा प्रयोग करू नये. पुढचा ब्रेक हळूहळू जोर वाढवत लावावा. शॉकअप सावकाश दबले पाहिजेत आणि ब्रेक सोडल्यावर डोके न झटकता वर आले पाहिजेत. थोड्या वेगात हँडल थरथरू लागले तर गाडी पुन्हा दोरीला लावावी.

शंभरएक किलोमीटर झाल्यावर टींचे बोल्ट आणि एक्सल पुन्हा तपासून घ्यावेत, आणि पाइप पुसून तेलाचे कडे पडते का ते पाहावे. काढलेले वाकडे पाइप गॅरेजात सोडून येऊ नयेत. ते मागून घ्यावेत, समोरच ग्राइंडरने मधोमध कापवावेत आणि मगच भंगारात द्यावेत, म्हणजे ते सरळ होऊन दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसणार नाहीत.